प्रेम करा म्हणजे गप्प बसा का? वाळवा तालुक्यातल्या एका संडे स्कूल टीचरला उत्तर

सलाम. तुझा प्रश्न दोनदा नीट वाचला. इतरांनाही कळावं म्हणून थोडक्यात परत मांडतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तुझे वडील एका पॅनेलकडून आणि काका दुसऱ्या पॅनेलकडून उभे, तेव्हापासून दोन घरांत बोलणं बंद, नाताळलासुद्धा फराळाचं ताट गेलं नाही. शाळेपासूनचा जिवलग मित्र आता 'धर्मांतरवाले' म्हणून स्टेटस ठेवतो. मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, ग्रुपवर आरक्षणावरून असलं काही लिहितात की रविवारी त्याच माणसांशेजारी बसून प्रभुभोजन घ्यायला हात पुढं होत नाही. आणि असं सगळं असताना मुलांना 'शेजाऱ्यावर प्रीती करा' शिकवायचं म्हणजे खोटं बोलल्यासारखं वाटतं. शेवटी तू विचारलंयस की प्रेम करा म्हणजे गप्प बसा असंच आहे का, आणि आशा धरायची ती कशाच्या जोरावर.

मी मिरज, सांगली, सातारा या पट्ट्यात पाळक म्हणून आयुष्य काढलंय. लग्नं लावली, दफनं केली, भाऊबंदकीच्या बैठकांना रात्र रात्र बसलो. त्यावरून सांगतो, आणि जिथं माझं मत आहे तिथं मत म्हणूनच सांगतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. गप्प बसणं म्हणजे प्रेम नाही. आपल्याकडं कुणी अन्याय केला की वडीलधारी म्हणतात सोडून द्या, प्रार्थना करा, आणि वर पौलाचं, म्हणजे सुरुवातीच्या काळात येशूची सुवार्ता गावोगाव नेणाऱ्या प्रेषिताचं, नाव घेतात. पण पौलाचं चरित्र उघडून बघ की. फिलिप्पैमध्ये त्याला चौकशी न करता फटके मारून तुरुंगात टाकलं, सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला की गुपचूप जा, तर हा म्हणाला, आम्ही रोमी नागरिक, तुम्ही आम्हाला चारचौघांत मारलंय, आता तुम्ही स्वतः या आणि बाहेर काढा. यरुशलेमात चाबकाला बांधत होते तेव्हा परत नागरिकत्व सांगितलं, आणि शेवटी सरळ कैसराकडं, म्हणजे रोमी सम्राटाकडं, दाद मागितली. हाच माणूस रोमकरांना लिहितो की वाइटाची फेड वाइटानं करू नका, तुमच्याकडून होईल तेवढं सगळ्यांबरोबर शांतीनं राहा. त्याला यात काही विरोध दिसत नव्हता, आणि मलाही दिसत नाही. 'तुमच्याकडून होईल तेवढं' हे त्यानं मुद्दाम घातलंय. समोरच्याच्या वाट्याचं काम तुझ्या खांद्यावर नाही.

म्हणून उद्या कुणी येऊन तुमची घरातली प्रार्थनासभा बंद पाडली तर पोलिस स्टेशनला लेखी अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. संविधानाच्या कलम २५ नं सदसद्विवेकाचं आणि धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य प्रत्येकाला दिलंय, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अटीवर, आणि त्या अटी आपल्यालाही लागू आहेत हे विसरायचं नाही. अर्ज द्यायचा, पण अर्जात खोटं नाव घुसडायचं नाही, दहा जण आले असतील तर पन्नास लिहायचं नाही, आणि त्यातल्या कुणाच्या घरी मयत झाली तर जायचं. हे तिन्ही एकाच वेळी करणं म्हणजे प्रेम, आणि ते अवघड आहे हे मला पुरतं माहीत आहे.

आता तुझ्या संडे स्कूलच्या धड्याकडं येतो, कारण माझ्या मते तुझं उत्तर तिथंच आहे. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आहे: लुटून रस्त्यात टाकलेल्या माणसाला याजक आणि लेवी बघून पुढं जातात, आणि यहुदी ज्यांना वैरी मानायचे त्या शोमरोन्यांतला एक जण थांबून त्याची सेवा करतो. आपण ती एवढ्या वेळा ऐकलीय की ती आपल्याला टोचत नाही. तू पुढच्या वेळी ती नवव्या अध्यायाच्या शेवटापासून शिकव. येशू यरुशलेमेला निघालाय, वाटेत शोमरोन्यांचं एक गाव त्याला उतरू देत नाही, कारण तो त्यांच्या वैऱ्यांच्या शहराकडं चाललाय. याकोब आणि योहान लगेच म्हणतात, प्रभू, आकाशातून अग्नी पडून यांचा नाश व्हावा अशी आम्ही आज्ञा करावी काय? चांगले शिष्य आहेत बरं का, प्रार्थनेवर विश्वास असलेले, पण प्रार्थनेतून मागतायत काय तर गाव जाळायची परवानगी. येशूनं वळून त्यांना धमकावलं आणि ते दुसऱ्या गावाला गेले, आणि पुढच्याच अध्यायात गोष्टीचा नायक म्हणून त्यानं कुणाला उभं केलं तर एका शोमरोन्याला. गाव आपल्याशी वाईट वागलं त्याला फार दिवस झालेले नाहीत आणि तो त्याच जातीचा माणूस आदर्श म्हणून दाखवतोय, तेही शास्त्र्यासमोर. मुलांना विचार, आपल्या गावात ही गोष्ट सांगायची झाली तर शोमरोन्याच्या जागी कुणाला ठेवाल? वर्गात शांतता पसरेल. ती पसरू दे, लगेच उत्तर देऊ नकोस.

याचा पुढचा भाग आपण सहसा जोडत नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात पहिल्या मंडळीत भांडण लागलं ते कशावरून, तर रोजच्या वाटपावरून. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना अन्न मिळताना डावललं जातंय अशी कुरकुर झाली. म्हणजे पेंटेकॉस्ट (शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तो दिवस) होऊन गेलंय, हजारो लोक आलेत, सगळं एकत्र चाललंय, आणि तरीही भाषेवरून यादीत नावं मागं राहतायत. ज्याला २०१९च्या पुरानंतरचे दिवस आठवतात त्याला हे शिकवावं लागत नाही. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा बोटीत कुणी कुणाला जात विचारली नाही, शाळेच्या वर्गात सगळे एका सतरंजीवर झोपले, हे खरं आहे आणि ते सगळे अभिमानानं सांगतात. पण पाणी ओसरलं, पंचनामे सुरू झाले, सानुग्रह अनुदानाच्या याद्या लागल्या, बाहेरून आलेले कीट वाटायला लागले, आणि आठवड्यात परत तुमची गल्ली आमची गल्ली. संकटात एकत्र येणं माणसाला जमतं, खरी कसोटी लागते ती वाटपाला. माझं स्पष्ट मत झालंय की समाजात फूट कुठं पडते ते बघायचं असेल तर भाषणं ऐकू नये, याद्या बघाव्यात, कुणाचं नाव कायम शेवटी येतंय ते बघावं.

आणि प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या बारा शिष्यांनी, काय केलं? तक्रार करणाऱ्यांना 'एकी राखा' असा उपदेश केला नाही. मंडळीलाच सात माणसं निवडायला सांगितली आणि वाटप त्यांच्या हातात दिलं. त्या सातांची नावं वाच: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकनोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सगळी ग्रीक नावं. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या लोकांकडं भांडार सोपवलं. मी मंडळीत मदतीचं काही वाटायचं असलं की हेच धरून चालतो, यादी पाळकानं करायची नाही, ज्यांना आजवर कमी मिळालंय त्यांच्यातल्या दोघातिघांनी करायची, आणि ती दारावर लावायची, सगळ्यांना वाचता येईल अशी. भांडणं संपत नाहीत पण कुजबुज संपते, आणि मंडळी कुजबुजीनं जेवढी फुटते तेवढी भांडणानं फुटत नाही.

त्या सातांतला फिलिप्प पुढं कुठं गेला माहीत आहे ना? आठव्या अध्यायात तो शोमरोनात गेला, सुवार्ता घेऊन. आणि यरुशलेमेहून त्याच्यामागं तिथं कुणाला पाठवलं तर पेत्राला आणि योहानाला. तोच योहान, ज्याला शोमरोन्यांवर अग्नी पाहिजे होता, त्यानं त्यांच्यासाठी प्रार्थना केली, त्यांच्या डोक्यावर हात ठेवले, आणि परत जाताना शोमरोन्यांच्या गावागावांतून थांबत गेला. माणूस बदलतो याचा यापेक्षा चांगला पुरावा मला तरी लागत नाही.

ग्रुपवरच्या आरक्षणाच्या पोस्टींबद्दल. आपल्या मंडळ्यांत जात आहे. ती बाप्तिस्म्याच्या पाण्यात गेली असं आपण म्हणतो पण स्थळ बघताना 'मूळचे कोण' हा प्रश्न हळू आवाजात येतोच, मिरजेत येतो, साताऱ्यात येतो, मोठ्या शहरात राहायला गेलेल्यांच्या घरातसुद्धा येतो. पेत्रासारखा पेत्र अंत्युखियात विदेश्यांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, जेवत होता, यरुशलेमेहून याकोबाकडची (हा येशूचा भाऊ, योहानाचा नव्हे) माणसं आली तसा पंगतीतून उठला, आणि त्याचं बघून पौलाचा सोबती बर्णबासुद्धा उठला. पौलानं त्याला सगळ्यांसमोर तोंडावर सांगितलं की हे सुवार्तेला धरून नाही. म्हणजे जेवणाच्या पंगतीचा प्रश्न त्याला सुवार्तेचा प्रश्न वाटला. तुमच्या ग्रुपवर जो माणूस एखाद्या समाजाला नावं ठेवतोय त्याला ॲडमिननं आधी फोन करावा, शक्य असेल तर घरी जावं. मत्तयच्या अठराव्यात क्रम सांगितलाय, आधी तू आणि तो एकटे, मग एक-दोन साक्षीदार, मग मंडळी. आपण नेमकं उलटं करतो, पहिल्यांदा दोनशे जणांच्या ग्रुपवर उत्तर टाकतो आणि घरी कधीच जात नाही. आणि आरक्षणावर मंडळीत दोन मतं असतील तर असू द्यात. बारा शिष्यांत मत्तय रोमी सरकारसाठी जकात गोळा करणारा होता आणि शिमोनाला जिलोत म्हणत, म्हणजे त्याच सरकारला विरोध करणाऱ्यांच्या नावानं. त्या दोघांनी एकमेकांची मतं मान्य केली असं कुठंही लिहिलेलं नाही, पण दोघं एका ताटात हात घालत होते. मतावर वाद घाला, माणसाच्या जन्मावर घालू नका, ही रेघ ॲडमिननं पक्की मारावी आणि ओलांडणारा कितीही मोठा देणगीदार असला तरी त्याला थांबवावं.

तुझ्या मित्राच्या स्टेटसबद्दल मला जास्त वाईट वाटलं. त्याला स्टेटसनं उत्तर देऊ नकोस. पेत्राच्या पहिल्या पत्रात लिहिलंय की तुमच्या आशेविषयी कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेनं आणि आदरानं. त्याच्याकडं जा, बाकीच्या पोरांसमोर नाही, एकट्याकडं, आणि सरळ विचार की तुझ्या मनात नक्की काय आहे, कुणी काय सांगितलंय. ऐकून घे. कुठं पैशाचं किंवा औषधाचं आमिष दाखवून कुणाला बोलावलं गेलं असेल तर ते चुकीचंच आहे, तसं त्याला स्वच्छ सांग, आपल्या माणसाची बाजू घ्यायची म्हणून खोटं बोलू नकोस. आजारी माणसाला दवाखान्यात नेताना त्याच्या धर्माची चौकशी करायची नसते. मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना सुरू केला, पुढं त्यांच्याच नावानं वॉन्लेसवाडी झाली, आणि आज मिरज दवाखान्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं त्याची सुरुवात तिथून आहे. तिथं सगळ्या जातीधर्माची माणसं बरी होऊन आपापल्या देवाचं नाव घेत घरी गेली, आणि त्या सेवेचं मोल त्यानं काही कमी झालं नाही. मग मित्राला सांग, आमच्या प्रार्थनेला येऊन बस, दार उघडं आहे, काय चालतं ते डोळ्यांनी बघ. येईल न येईल. पण तू गणपतीला त्याच्याकडं जायचं थांबवू नकोस. प्रसाद घ्यायचा की नाही हा तुझ्या विवेकाचा प्रश्न, त्यात मी पडत नाही, पण त्याच्या आईच्या हातचा चहा घ्यायला कुठल्याही वचनाची आडकाठी नाही.

प्रेम फक्त ख्रिस्ती लोकांनाच कळतं असंही मनात आणू नकोस. तुझ्याच तालुक्यातल्या गोटखिंडीत कित्येक वर्षं गणपती मशिदीत बसवतात. कडेगावच्या मोहरमच्या ताबुतांना हिंदू घरांचा मान आहे. ही गावं काही मोठ्या पुढाऱ्यांनी घडवली नाहीत, घरोघरचं येणंजाणं पिढ्यानपिढ्या कुणी तोडलं नाही एवढंच. उलट २००९च्या गणेशोत्सवात मिरजेत दंगल झाली, संचारबंदी लागली, तेव्हा काय दिसलं की ज्यांचं आधीपासून एकमेकांच्या घरी जाणं होतं त्यांनाच त्या दिवसांत एकमेकांना फोन करता आला. शांतता समितीच्या बैठका नंतर होतात, त्या व्हायलाच पाहिजेत, पण नातं आधीचंच उपयोगी पडतं. पूर आल्यावर नाव बांधायला घेऊन चालत नाही, तसंच आहे हे.

क्षमेबद्दल तू थेट विचारलं नाहीस पण प्रश्नात ते आहे. ओडिशात मनोहरपूरला जानेवारी १९९९ मध्ये ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं, फिलिप आणि तिमथी, गाडीत झोपलेली असताना जाळली गेली. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं सांगितलं आणि मुलीला घेऊन बारिपदात कुष्ठरोग्यांच्या सेवेत राहिल्या, २००४ पर्यंत. २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लोक इथंच थांबतात. पण खटला चालला, मुख्य आरोपीला शिक्षा झाली, पुढं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये त्याची जन्मठेप कायम केली. बाईंच्या क्षमेनं कायद्याचं काम थांबलं नाही आणि कायद्याच्या कामानं त्यांची क्षमा खोटी ठरली नाही. दुसरी गोष्ट, ती क्षमा त्यांनी स्वतः दिली, कुणी त्यांच्याकडून वदवून घेतली नाही. ज्याच्यावर अन्याय झालाय त्याला 'क्षमा कर, तू ख्रिस्ती आहेस' असं दुसऱ्यानं दरडावून सांगणं मला कधीच पटलेलं नाही. पहिलं पाऊल जो वरचढ आहे त्यानं टाकायचं. जक्कय नावाचा श्रीमंत जकातदार म्हणाला, कुणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत देतो, आणि ते ऐकूनच प्रभू म्हणाला की आज या घराला तारण झालंय.

आता आशा. यावर मी जरा सावकाश बोलतो कारण आशेच्या नावाखाली आपल्याकडं फार गोड गोड बोललं जातं. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा भर मंदिरात सांगतो, दोन वर्षांत बाबेलचं जू मोडेल, तिथं कैद करून नेलेले सगळे परत येतील. लोकांना पाहिजे तेच तो बोलला. यिर्मया आधी म्हणाला आमेन, तसंच होवो, त्यालाही ते हवंच होतं, पण नंतर त्याला सांगावं लागलं की तुझं बोलणं देवाकडून नाही. आणि एकोणतिसाव्यात बाबेलातल्या लोकांना पत्र गेलं की घरं बांधा, बागा लावा, लेकरांची लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच नगराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, सत्तर वर्षं लागतील. सत्तर म्हणजे ऐकणाऱ्यांतले बहुतेक जण तोवर नसणार. तरीही झाडं लावा म्हणतो. मला वाटतं 'पुढच्या इलेक्शनला सगळं ठीक होईल' म्हणणारे आणि 'आता काही खरं नाही' म्हणणारे दोघंही हनन्याच्या वाटेनं चाललेत, दोघांना दोन वर्षांच्या पलीकडचं काही बघायचं नाही.

मग बत्तिसाव्या अध्यायात तर यिर्मयानं कमाल केली. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलाय, हा स्वतः राजाच्या पहाऱ्यात कैदेत आहे, आणि चुलतभाऊ येऊन म्हणतो अनाथोथातलं माझं शेत विकत घे. अनाथोथ म्हणजे शत्रूच्या ताब्यात जाणारा मुलूख. यिर्मयानं सतरा शेकेल चांदी तोलून दिली, खरेदीखत केलं, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि दोन्ही कागद मातीच्या मडक्यात ठेवायला लावले, पुष्कळ दिवस टिकावेत म्हणून. कारण देव म्हणाला होता की या देशात परत घरं, शेतं आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील. तासगावकडच्या माणसाला हे लगेच कळतं, द्राक्षबाग उभी करायला काय काय घालावं लागतं आणि किती थांबावं लागतं. ख्रिस्ती आशा ही अशी, खरेदीखतावर सही करून ठेवायची. त्याच्यानंतर तो माणूस रडला नाही असं नाही. स्तोत्र ८८ वाच, ते अंधारातच संपतं, शेवटी कुठलंही गोड वचन नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, त्यामुळं ज्या दिवशी तुला काहीच चांगलं दिसत नाही त्या दिवशी तेच म्हण, ओढूनताणून आनंदाचं गीत म्हणायची गरज नाही.

साताऱ्याचं एक उदाहरण सांगतो. नारायण वामन टिळकांनी आयुष्याच्या शेवटाला, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून जागा होती. पुष्कळांना तेव्हा ते पचलं नाही. दोन वर्षांत, १९१९ मध्ये, टिळक गेले, आणि त्यांच्या मनात होता तसा तो दरबार काही उभा राहिला नाही. हिशेबानं बघितलं तर फसलेलं काम. पण आज इतक्या वर्षांनी आपण सगळ्या मंडळ्यांत त्यांचे अभंग म्हणतो, आणि माणसांमधली कुंपणं हलवून बघायची असतील तर आपल्याच मातीत कुणीतरी ते करून गेलंय हे आपल्याला माहीत आहे. मला तेवढं पुरतं.

वडिलांचं आणि काकांचं. तू दोघांचा धाकटा आहेस, हे तुझ्या पथ्यावर पडणारं आहे, कारण धाकट्यानं जाण्यात कुणाची मान खाली जात नाही. समेटाची बैठक वगैरे बोलावू नकोस, बैठक म्हटली की परत दोन पॅनेल होतात. तू एकटा जा, काकूच्या हातचं जेव, निवडणुकीचा विषय त्यांनी काढला तर ऐक, तू काढू नकोस, वडिलांच्या वतीनं माफी मागू नकोस आणि त्यांची तक्रारही करू नकोस. घरी आल्यावर वडिलांना लपवून न ठेवता सांग की जाऊन आलो. ते चिडतील. पंधरा दिवसांनी परत जा. आजीच्या आठवणीची प्रार्थनासभा किंवा असं काही दोन्ही घरांचं मिळून असेल तर ते काकांच्या दारात ठेवायचं सुचव, पाळकांना सांगितलंस तर ते नाही म्हणणार नाहीत. आणि हे आताच सुरू कर, पुढची निवडणूक लागायच्या आत. लागल्यावर गेलास तर पोरगं मतं मागायला आलंय असं म्हणतील, आणि मग काकांची इच्छा असली तरी त्यांना तुला आत बोलावता येणार नाही.